मोती भुमकाचं आवतण

सासुरवाडीला जाण्याला कुणी प्रवास म्हणत नाही. जावई जातो तो जेवायला जातो आणि आडवा होऊन परत येतो. अकोल्याहून मोहपाटीला मी पंधरा वर्षं असाच गेलो-आलो. पण महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या एका श्रावणात गेलो, तेव्हा ते गाव मी पहिल्यांदा पाहिलं. त्या चार दिवसांबद्दल मी आजवर कुणापाशी, बायकोपाशीसुद्धा, पुरतं बोललेलो नाही. आमचं मूळ साताऱ्याकडचं, तिथली माणसं मुळात कमी बोलतात आणि मी त्यातही कमी. आता बोलतो.

अकोट

अकोल्याहून अकोटला एस.टी. जाते. श्रावणात ती जाते असं म्हणायचं, बाकी काळी माती ठरवते. आमची गाडी दोनदा रुतली. दोन्ही वेळा प्रवासी न सांगता उतरले, ढकलून झाल्यावर चिखलाचे पाय घेऊन आपापल्या जागी बसले. कंडक्टरने आभार मानले नाहीत आणि कुणाला ते खटकलंही नाही. वऱ्हाडातला हा रोकठोकपणा पुण्याकडच्या माणसाला उद्धट वाटतो. मला पहिली दोन वर्षं वाटला. मग कळलं की इथे 'कृपया' हा शब्द हातानं बोलतात.

अकोट म्हणजे कापसाचं गाव, पण या दिवसांत जिनिंगची चाकं बंद. बाजाराच्या आवारात पाणी साचलेलं आणि त्यात म्हशी. उत्तरेला सातपुडा एखाद्या निळ्या भिंतीसारखा उभा, आणि ढग उघडला की नरनाळ्याचा किल्ला. गोंडांचा म्हणा, अचलपूरच्या इमादशहांचा म्हणा, मोगलांचा म्हणा, ज्याचं राज्य त्यानं वर चढून एक बुरूज बांधायचा आणि खालच्या कापसावर नजर ठेवायची. राज्यं गेली, कापूस आहे.

स्टँडवर आलुबोंडा आणि कढी खात होतो तेवढ्यात गुणवंत दिसला. गुणवंत मोहपाटीचा पंच. छप्पन साली बौद्ध झालेल्या घरांपैकी त्याचं घर, स्वतःची थोडी जमीन, मुलगा अमरावतीला कॉलेजात. बाजाराला आला होता, परतीला त्याची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, होती.

"मास्तर, यंदा लवकर? पोळ्याले अजून दोन दिवस हायेत."

"दिगंबरनं बोलावलंय. गावाचा इतिहास लिहून द्यायचा आहे. वेशीत दगड लावणार म्हणे."

"दगडावर होय," गुणवंत बैल जुंपत म्हणाला. "मंग थोडक्यात लिहा. दगड लहान हाय."

मोहपाटी

अकोटपासून डोंगराच्या पायथ्याला दमणीने अर्धा दिवस. दोन्ही बाजूंना कमरेएवढी कापसाची पऱ्हाटी, मधून तुरीची ओळ, मुगाच्या शेंगा काळ्या पडायला लागलेल्या. गावाच्या शिवेवर, जिथे शेत संपून झुडपं सुरू होतात, मोहाच्या झाडांची एक लांब रांग आहे. त्या रांगेवरूनच गावाला नाव पडलं. त्या दिवशी मला त्या झाडांच्या बुंध्यांवर चुन्याचे पट्टे दिसले.

"हे कशाला?"

"लिलाव," गुणवंत म्हणाला. एवढंच.

दिगंबर माझा मेहुणा, नवा सरपंच. सासरे हिवाळ्यात वारले आणि घरची पाटीलकी जाऊन पंचायत आली, दोन्ही एकाच वर्षात. माणूस उमदा, घाईचा. गावातली पोरं मारुतीच्या देवळात शिकतात आणि देवळाचं छप्पर पोरांवर गळतं, हे त्याला सहन होत नव्हतं. शिवेवरची झाडं विकायची, शाळेची खोली बांधायची, आणि वेशीत दगड लावायचा: 'हे गाव रायाजी पाटलांनी वसवले.' यात वाईट काय होतं? मलाही काही दिसेना. दिसत नव्हतं असं नाही, पण त्याकडे येतो.

संध्याकाळी चावडीत बैठक भरली. मी जावई, म्हणून मला लोड. आमच्या साताऱ्याकडे जावयाला मान असतो आणि तोंडही असतं. इकडे मान दुप्पट आणि तोंड बंद. सासुरवाडीच्या पंचायतीत जावयाने बोलायचं नाही. मला ही रीत पहिल्यापासून फार सोयीची वाटत आलेली आहे.

दिगंबरने योजना सांगितली. माना हलल्या. मग गुणवंत बोलला.

"मोतीले विचारलं का?"

मोती म्हणजे वर डोंगरातल्या कोरकूंच्या ढाण्यावरचा, त्यांच्या वस्तीवरचा भुमका, त्यांचा पुजारी. दर पोळ्याला तो खाली येई. वेशीतल्या तोरणाच्या दोरीला पहिला हात त्याचा लागे, मग तोरण फुटे आणि बैल पळत. मोती नारळ घेऊन डोंगर चढे. चैत्रात त्याची माणसं येऊन शिवेवरचा मोह वेचून नेत.

"मोती कोन?" दिगंबर म्हणाला. "वर्षातून एक डाव येते, दोरीले हात लावते अन् जाते."

"झाडं त्याईचे म्हणतेत."

"कोन म्हणते? तुमच्या लोकायनं बी तं तोरण बांधनं सोडलं, गुणवंतभाऊ. तवा कोनाले विचारलं होतं?"

"आमी सोडलं ते काम होतं. मानाच्या नावानं कराले लावत होते, पर काम होतं," गुणवंत शांतपणे म्हणाला. "मोतीचं काम हाय का मान, हे त्याले विचारा. मी काहून सांगू?"

लोक हसले. दिगंबरही हसला. मग माझ्याकडे वळला.

"आपल्यात इतिहासाचा मानूस बसून राहिला हाय. मास्तर, तुमी सांगा. झाडं कोरकूईची हायेत असं कुठं हाय का?"

इथे थांबून सांगायला हवं की मला काय ठाऊक होतं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी मला अंगणात बाजेवर बसवून गावाची जन्मकथा सांगितली होती. पेंढारी आणि दुष्काळ यांनी मिळून हा सगळा पट्टा ओस पाडला होता. जो गाव वसवील त्याला काही वर्षं सारा माफ, असा निजामाच्या अंमलदारांचा कौल फिरला. पूर्णेकाठचा रायाजी पाचपन्नास माणसं घेऊन इकडे आला. गाव बसलं आणि उठलं. पुन्हा बसलं, पुन्हा उठलं. तापाने माणसं, वाघाने गुरं. शेवटी डोंगरातून एक कोरकू भुमका खाली आला. त्याने पाणी दाखवलं, कुऱ्हाड खांद्यावर घेऊन चारी शिवा चालला, आणि म्हणाला की आता राहा. बदल्यात दोन शब्द घेतले. मोहाची रांग आमची राहील. आणि तुमचे बैल वेशीतल्या तोरणाखालून जातील त्या सणाला आम्हाला आवतण येईल, दोरीला पहिला हात आमचा लागेल. कुऱ्हाड वेशीत पुरली आणि शब्द पक्का झाला.

पुढची गोष्ट सासरे हसत सांगत. विलायतेला कापूस मिळेना झाला तेव्हा मोहपाटीत चांदी आली. रायाजीच्या नातवाने बैलांची शिंगं मढवली आणि अचलपूरच्या बाजारातून एक म्हातारा हत्ती आणला. हत्तीने एका हंगामात गावचा सगळा ऊस खाल्ला. परत द्यायला गेले तर व्यापारी घेईना. शेवटी एका बैराग्याला दान केला, तर तो म्हणाला, याच्याबरोबर ऊसही द्या. मग रेल्वे आली, जिनं आली, भाव पडला, चांदी आली तशी गेली. "पर आवतण चुकलं नाही," सासरे म्हणाले. "मास्तर, तुमी इतिहास शिकवता. हे तुमच्यापाशी ठेवा. दिगंबरले सांगाले गेलो की तो एकराचा भाव काढते."

आवतण पोचवायचं काम पूर्वी गुणवंतच्या घराण्याकडे होतं. त्यांनी ते सोडल्यावर सासरे स्वतः घोड्यावर बसून डोंगर चढत. त्या वयात. गाव म्हणे, म्हाताऱ्याला हवा खायची हौस.

तर दिगंबरने विचारलं, आणि सगळी चावडी माझ्याकडे पाहत होती. सासऱ्यांनी ही ठेव माझ्याकडे याच प्रश्नासाठी दिली होती. मी घसा साफ केला.

"लेखी पुरावा काही नाही," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. वर्गात मी हेच शिकवतो. दिगंबरने मांडीवर थाप मारली, पानाचं तबक फिरलं. गुणवंत पान न घेताच उठला.

डोंगरावर

दुसऱ्या सकाळी मी त्याच्या दारात गेलो आणि म्हणालो, मला मोतीकडे ने.

"काहून?"

"पाहायचंय."

"जवाई लोकाईले बिदागी पुरनपोळीची असते. तुमी डोंगर काहून चढता?" असं म्हणत त्याने काठी घेतली.

वाट नाल्यातून वर जाते. पायथ्याशी काळी माती संपते आणि एकदम लाल दगड लागतो, जणू कुणी तिथे रेघ मारली असावी. साग, धावडा, खाली पाण्याचा आवाज. मी दोनदा घसरलो, एकदा धोतर फाटलं. गुणवंत वळून पाही आणि पुढे जाई.

कोरकूंचा ढाणा म्हणजे समोरासमोर दोन सरळ ओळी घरांच्या. मधला रस्ता झाडून लख्ख, आपल्या गावांत असा रस्ता दिवाळीलाही दिसत नाही. मोती दारात बसून बांबूची टोपली विणत होता. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, केस पांढरे, अंग काटक. त्याने आम्हाला पाहिलं आणि हातातलं काम ठेवून उभा राहिला.

"आवतण घेऊन आला?"

गुणवंत माझ्याकडे पाहायला लागला. आवतण घरच्या धन्याने द्यायचं असतं. जावयाला तो अधिकार नाही.

"नाही. भेटायला आलो," मी म्हणालो.

"हां, भेट," मोती म्हणाला आणि बसला.

त्याच्या सुनेने मक्याची भाकर आणि वास्त्याची भाजी वाढली. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पावसाळ्यातच मिळतात, किंचित कडवट आणि खाल्ल्यावर जिभेवर गोड. असं जेवण मी फार थोड्या वेळा जेवलो आहे आणि इतक्या अवघडून तर कधीच नाही. मोतीने आवतणाचं पुन्हा विचारलं नाही. तो बुढ्या पाटलाच्या घोड्याबद्दल बोलला, घोडा नाल्यात कसा अडून बसे आणि पाटील त्याला कशा शिव्या देई त्याबद्दल. मग म्हणाला, "झाडाईले चुना लागला. पोट्टे सांगत होते."

तेव्हा मी सांगून टाकलं. सासऱ्यांनी मला काय सांगितलं होतं, चावडीत काय विचारलं गेलं, मी काय बोललो. बोलताना मला हलकं वाटत होतं हेही कबूल करतो. मला वाटलं, तो चिडेल किंवा माफ करेल, दोन्हीची माझी तयारी होती.

मोतीने टोपलीची कामटी दातात धरून ओढली.

"मले कायले सांगून राहिला? मले तं मालूम हाय."

गुणवंत जोरात हसला. मग मीही हसलो, पण माझं हसू कशातलं ते मला माहीत होतं.

"येशील उद्या?" निघताना मी विचारलं.

"आवतण आलं तं येईन. नाई आलं तं कसा येऊ? तू जाशील का कोनाच्या पंगतीत बिनबुलावा?"

उतरून आलो तेव्हा गावात खांदेमळणी चाललेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात, वर्षभर जू वाहिलेले ते खांदे. आमच्या बेंदरालाही चोळतात, पण इकडे चोळून झाल्यावर बैलाच्या कानाशी बोलतात: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दिगंबर कोपरापर्यंत लोण्याने माखलेला, अगदी आनंदात.

"या जवाई, कुठं गायब होते दिवसभर? जोडीले आवतण तुमीच द्या यंदा. बाबा राहते तं त्याईनं देल्लं असतं."

मी बैलाच्या कानाशी वाकलो आणि आवतण दिलं. बैलाला दिलं. सरळ होऊन दिगंबरकडे पाहिलं, तो इतका खूश होता की मला वाटलं, उद्या बोलू. चावडीत मी गोंधळलो होतो असं म्हणता येईल. त्या गोठ्यात मी गोंधळलेलो नव्हतो. मोतीकडे माणूस धाडायला अजून वेळ होता हे मला पक्कं ठाऊक होतं. बायकोला जे सांगितलं नाही ते हे.

पोळा

दुसऱ्या दिवशी दुपारपासून जोड्या वेशीत उभ्या. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, गळ्यात घागरमाळा. आंब्याच्या पानांचं तोरण आडवं ताणलेलं. तोरण फुटण्याआधी इथे झडत्या होतात. कुणीही पुढे येतो, चार यमकं जोडतो, सावकाराला, पाटलाला, शेजाऱ्याला टोमणे मारतो, शेवटी सगळे मिळून 'हर हर महादेव' म्हणतात. झडतीत म्हटलेल्याचा राग धरायचा नाही, अशी रीत. एकाने दिगंबरवर झडती म्हटली, पंचायतीचा कंदील आणि सरपंचाचं टक्कल यांवर. दिगंबर सगळ्यात मोठ्याने हसला.

सूर्य खाली आला. दोरी धरणारे म्हणाले, "मोती नाई आला अजून."

"नाई येत तं नाई येत," दिगंबर म्हणाला. "माह्याच हातानं फोडू."

मी पुढे झालो. जन्मात यमक जुळवलेलं नव्हतं. इतिहासाचा मास्तर झडती म्हणणार म्हणून लोक आधीच हसायला लागले.

*रायाजी आला तवा होतं इथं रान,*
*मोतीच्या पणज्यानं देल्लं गावाचं दान.*
*सासऱ्यानं सांगतलं, जवायानं ऐकलं,*
*भरल्या पंचायतीत त्यानंच ते झाकलं.*

'हर हर महादेव' कुणी म्हटलं नाही. मग यमक सोडून दिलं आणि साध्या बोलीत सगळं सांगितलं, कुऱ्हाडीपासून.

दिगंबर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"बाबानं हे तुमाले सांगतलं?"

"हो."

"अन् तुमाले परवा मालूम होतं?"

"हो."

"मंग परवा काहून नाई बोलले? काल काहून नाई? काल म्या तुमच्या हातानं बैलाईले आवतण देवाडलं."

"भीती वाटली," मी म्हणालो. "तुमच्या घरी मला फार बरं वाटतं. ते जाईल म्हणून."

त्याने डोंगराकडे पाहिलं. सूर्य टेकला होता. तिथून माणूस जाऊन परत येईपर्यंत तोरण फोडायची वेळ निघून जाणार हे पोरासोरांनाही कळत होतं. कुणीतरी मागून म्हणालं, फोडून टाका, पुढच्या वर्षी बलावू. गुणवंत म्हणाला, "पुढच्या वर्षी झाडं कुठं राहतेत?"

दिगंबरने आपल्या जोडीची वेसण हातात घेतली आणि बैल वळवले. तोरणाखालून न जाता, मागे, घराकडे. पोळ्याच्या दिवशी बैल तसेच परत नेणं हे मोहपाटीत कुणी पाहिलं नव्हतं. एक म्हातारा मोठ्याने बडबडत राहिला. पण जोड्या एकामागून एक वळल्या.

घरी सासूबाई चुलीपुढे होत्या. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे उद्या पुन्हा पुरन घाला लागन."

कर

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी बैलाला काही नाही, माणसं उरलेलं खातात. त्या सकाळी दिगंबर बापाच्या घोड्यावर बसून डोंगर चढला. मला बरोबर ये म्हणाला नाही.

दुपार कलताना दोघे आले. मोती चालत, दिगंबरही चालत, घोडा मागे. नाल्यात अडून बसला होता म्हणे. मोतीने तोरणाखाली वाकून जमिनीला हात लावला, मग दोरीला.

"आज तं कर हाय," तो म्हणाला.

"आमचा पोळा आजच हाय," दिगंबर म्हणाला.

तोरण फुटलं. बैल असे सुटले की दोघाचौघांची पागोटी चिखलात गेली.

झाडं राहिली. शाळेची खोली गावाने श्रमदानाने बांधली, तिला दोन वर्षं लागली, आणि तेवढे दोन पावसाळे पोरं देवळात भिजली. तेही माझ्या नावावर मांडायला हरकत नाही. दगड अजून लागलेला नाही. काय लिहायचं यावर एकमत होत नाही, आणि मला कुणी विचारत नाही. दिगंबर माझ्याशी बोलतो. बोलण्याआधी जरा थांबतो.

आणि एक झालं. त्या वर्षी कापूस असा पिकला की अकोटच्या बाजारात मोहपाटीच्या गाड्यांची रांग लागली. शेतकऱ्याला दुसरं काय कारण लागतं? पुढच्या वर्षी पोळा कुणी अमावास्येला करायचं नावच काढलं नाही. तेव्हापासून सगळ्या वऱ्हाडाचा पोळा होऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी मोहपाटीचा होतो.

पुन्हा अकोट

गेल्या श्रावणात अकोटहून अचलपूरच्या गाडीत बसलो होतो. शेजारी तेल्हाऱ्याकडचा एक कापसाचा दलाल, अखंड बोलणारा. खिडकीतून डोंगर दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "त्या तिकडं एक गाव हाय, मोहपाटी. तिथं पोळा करीच्या दिवशी फुटते. दुनियेत कुठं असं नाई."

"असं का?"

"जुनी गोष्ट हाय. ऐन पोळ्याच्या दिवशी पेंढारी आले होते तिथं. बैल लपवा लागले. मंग दुसऱ्या दिवशी सण केला. तवापासून चालून राहिलं. दीडशे वर्षं झाले असतीन."

गोष्ट चांगली होती. घोडे, धूळ, लपवलेले बैल, सगळं होतं तिच्यात. माझ्या मुलांना मी शाळेत सांगितली असती तर आवडली असती, आणि माझी त्यातून कायमची सुटका होत होती. गाडी एका नाल्यापाशी थांबली, पाणी उतरायची वाट पाहत.

"पेंढारी नव्हते हो," मी त्याला म्हणालो. "जवाई होता एक."